गोल्फच्या गाड्या, उपग्रह आणि चोपदार

मी कधी गोल्फवर लिहीन असं कुणी मला दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आमची धाव विटीदांडूपर्यंत. त्यातही विटी किती लांब गेली हे दांडूनं मोजताना जी भांडणं व्हायची, ती खेळापेक्षा जास्त वेळ चालायची. पण गेल्या हिवाळ्यात फ्लोरिडात लेकीकडे असताना एका गोल्फच्या मैदानावर अख्खी सकाळ काढली आणि तिथे जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

जावयाचे वडील, म्हणजे आमचे व्याही, तिथेच तासाभराच्या अंतरावर राहतात. वय ७८. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, चढ चढताना दम लागतो. पण आठवड्यातून दोनदा गोल्फ म्हणजे गोल्फ. मला म्हणाले, "सर, एकदा चला तर खरं. खेळू नका, गाडीत नुसते बसा माझ्या शेजारी." व्याह्यांचा शब्द कसा मोडायचा? गेलो.

ज्यांना या खेळाची माझ्याइतकीच माहिती आहे त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. गोल्फमध्ये 'होल' म्हणजे नुसतं जमिनीतलं भोक नव्हे. पहिला फटका मारायची जागा ती टी, मधला कापलेल्या गवताचा लांब पट्टा तो फेअरवे, आणि शेवटी गालिच्यासारखं बारीक गवत असलेली जागा ती ग्रीन. त्या ग्रीनमध्ये भोक. हा सगळा मिळून एक होल, असे एकूण १८. ते पुरे करायला कसलेल्या खेळाडूला जितके फटके अपेक्षित, तो त्या होलचा 'पार', बहुतेक तीन, चार किंवा पाच. माणसं चार-चारच्या गटानं खेळतात. एका गटाला दोन गाड्या. एका मागून एक गट ठरावीक अंतरानं सोडतात. आपल्या एसटी स्टँडवरून गाड्या सुटाव्यात तसे.

या गाड्या विजेवर चालतात. दिसायला खेळण्यासारख्या, पण माणसं आणि सामान धरून वजन अर्ध्या टनाच्या वर जातं. वेग ताशी १५ मैलांच्या आसपास. दरवाजे नाहीत. उतारावर जोरात वळवली तर माणूस बाहेर फेकला जातो. पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीवरून नेली तर माती दबते, गवताच्या मुळांना हवा मिळत नाही, आणि तो पट्टा मरतो. ग्रीनवर चढवली तर विचारूच नका. म्हणजे या गाड्यांना शिस्त हवी यात वाद नाही.

पूर्वी ही शिस्त दोरी, पाट्या आणि माणसं यांच्यावर चालायची. आता प्रत्येक गाडीच्या छपराला जीपीएसची अँटेना आणि समोर पडदा असतो. पडद्यावर मैदानाचा नकाशा, ग्रीन किती यार्डावर आहे तो आकडा, आणि कोपऱ्यात एक घड्याळ. आपण ठरलेल्या वेळेच्या पुढे आहोत की मागे, हे ते सांगतं. कचेरीत बसलेल्या माणसाला सगळ्या गाड्या ठिपक्यांसारख्या दिसतात. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे, नकाशावर कुंपण आखता येतं. जमिनीवर काही नाही, ना तार ना खांब, पण गाडी त्या रेषेपाशी आली की आपोआप हळू होते किंवा थांबते. मग फक्त मागे घेता येते. लक्ष्मणरेषाच म्हणा ना.

मला मास्तर म्हणून याचं फार कौतुक वाटलं. २० हजार किलोमीटरहून जास्त उंचीवर फिरणारे उपग्रह, त्यांच्यात अणुघड्याळं. निदान चार उपग्रहांचे संदेश आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला यावरून आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते निघतं. अमेरिकेच्या लष्करानं यातला पहिला उपग्रह १९७८ साली सोडला, आणि सगळी यंत्रणा पुरी झाली १९९५ साली. पण सामान्य माणसाला मिळणारा संदेश मुद्दाम बिघडवलेला असायचा. चूक १०० मीटरपर्यंत असायची. गोल्फमध्ये १०० मीटरची चूक म्हणजे तुमची गाडी फेअरवेवर आहे की शेजारच्या तळ्यात, हेसुद्धा कळणार नाही. मे २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं तो बिघाड बंद झाला आणि एका रात्रीत सगळ्या जगाची नजर दहापट सुधारली. युद्धासाठी केलेली गोष्ट गवत वाचवायला वापरली जाते, याहून चांगलं काय?

तर इतपत मी खूष होतो. चौथ्या होलपर्यंत.

व्याह्यांच्या गाडीवर एक निळं निशाण होतं. ज्यांना चालायला त्रास होतो त्यांना असं निशाण देतात. मग त्यांना इतरांपेक्षा ग्रीनच्या जवळ गाडी नेता येते. रीतसर अर्ज केलेला, डॉक्टरांचं पत्र दिलेलं. चौथ्या होलची ग्रीन उंचवट्यावर आहे. आम्ही चढावर निम्म्यात पोचलो आणि गाडी थांबली. पडद्यावर लाल अक्षरं: इथे गाडीला मनाई आहे, मागे घ्या. त्यांनी पुन्हा पायाखाली दाबून पाहिलं. ढिम्म. निशाण वर फडफडत होतं, पण यंत्राला निशाण दिसत नाही. त्याला फक्त कचेरीतल्या संगणकात जे भरलंय तेच कळतं, आणि तिथे या गाडीपुढची खूण करायची कुणीतरी विसरलं होतं.

मी म्हटलं, "आपण बसा, मी कुणाला तरी बोलावतो." ते म्हणाले, "नको सर, मागचे लोक थांबलेत." आणि काठीसारखी ती स्टिक टेकत चालू लागले. तीस-चाळीस यार्डांचा चढ. तुम्हाआम्हाला काहीच नाही. परत आले तेव्हा चेहरा लालबुंद झालेला, ओठ कोरडे. गाडीत बसून पाणी प्यायले. आणि नेमकं त्याच वेळी पडद्यावर आलं की तुमचा गट नऊ मिनिटं मागे आहे, कृपया वेग वाढवा.

मंडळी, मला इतका राग क्वचित येतो.

पाच-सात मिनिटांनी एक म्हातारा रेंजर स्वतःची गाडी घेऊन आला. रेंजर म्हणजे मैदानावर फिरून लक्ष ठेवणारा माणूस. त्यानं व्याह्यांच्या तोंडाकडे पाहिलं, निशाणाकडे पाहिलं, आणि खिशातून फोन काढला. दोन मिनिटांत गाडी मोकळी झाली. जाताना तो व्याह्यांच्या खांद्यावर थोपटून गेला. व्याही मला म्हणाले, "आता पुरे झालं हे. पुढच्या वर्षीचं सभासदत्व नाही भरत." दोन आठवड्यांपूर्वी हेच गृहस्थ मला नवीन स्टिक दाखवत होते, लहान मुलासारखी.

आता कुणी म्हणेल, यात जीपीएसचा काय दोष? काही नाही. दोष खूण करायला विसरणाऱ्याचा. मी तेच सांगतोय. पण पूर्वी दोरी होती तेव्हा अशी चूक झाली असती तर व्याह्यांनी दोरी उचलली असती आणि गाडी पुढे नेली असती. नंतर कचेरीत जाऊन काय ते बोलले असते. यंत्र पाळायलाच लावतं, आणि चूक असेल तरी तेवढ्याच काटेकोरपणे पाळायला लावतं. नियमाची अंमलबजावणी जितकी कडक, तितकी त्यातली सवलत आधी आणि नीट भरलेली असली पाहिजे. हे तत्त्व आम्हा शिक्षकांना परीक्षेच्या दिवसांत पाठ झालेलं असतं. ज्या मुलाला लेखनिक द्यायचा आहे त्याचं नाव घंटा होण्याच्या आधी कागदावर हवं. घंटा झाल्यावर आठवलं तर त्याचा वेळ गेला तो गेलाच.

आता त्या नऊ मिनिटांकडे येतो. कारण खरी गोम तिथे आहे.

आठव्या होलपाशी आम्ही पोचलो तर आमच्या आधी दोन गट टीवर गाड्या लावून बसलेले. तो पार तीनचा होल. मला दुसरा उद्योग नव्हता, हातात घड्याळ होतं. मोजलं. एक गट टीवर आल्यापासून ग्रीन मोकळी करेपर्यंत साधारण दहा मिनिटं लागत होती. कुणी रेंगाळत नव्हतं, आपापल्या परीनं सगळे घाईच करत होते. आणि पहिल्या टीवरून गट सोडत होते दर आठ मिनिटांनी.

लांब होलवर हे खपून जातं. पार पाचच्या होलवर एक गट टीवर, एक फेअरवेवर, एक ग्रीनवर असे तीन गट एकाच वेळी मावतात. पार चारच्या होलवर दोन मावतात. पण पार तीनवर टीवरूनच चेंडू ग्रीनवर मारायचा, म्हणजे पुढचा गट ग्रीन सोडेपर्यंत मागच्याला हात बांधून बसणं आलं. एका वेळी एकच गट. ही मैदानाची चिंचोळी गल्ली.

आता सहावी-सातवीतलं गणित. गल्लीतून दर दहा मिनिटांनी एक गट बाहेर पडतो, आणि आत दर आठ मिनिटांनी एक गट येतो. पहिला गट थांबत नाही. दुसरा दोन मिनिटं थांबतो, तिसरा चार, दहावा अठरा. सातला पहिला गट सुटला असेल तर बरोबर नऊला सुटणारा सोळावा गट तिथे अर्धा तास थांबणार. त्यानं कितीही पळापळ केली तरी थांबणार. आणि त्याच्या पडद्यावर काय दिसणार? तुम्ही मागे आहात, वेग वाढवा.

याला आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.

मला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षीची तोंडी परीक्षा आठवली. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक लावलं होतं, दर पाच मिनिटांना एक मुलगा. एका मुलाला लागायची सात मिनिटं. दुपारी शेवटच्या मुलांपर्यंत पोचेस्तोवर ती पोरं उपाशी, रडवेली. आणि वर त्यांनाच ओरडा, की तुम्ही उत्तरं भराभर का देत नाही. मी तरुण होतो, काही बोललो नाही. तेव्हा बोलायला हवं होतं, हे आज कळतंय.

मालकांची बाजू मी विचारात घेतली नाही असं समजू नका. आठऐवजी दहा मिनिटांनी गट सोडले तर चार तासांत ३० ऐवजी २४ गट जातील. म्हणजे १२० ऐवजी ९६ माणसं. चोवीस जणांची फी बुडाली. पाणी, खत, माळ्यांचे पगार यांचा खर्च मात्र तेवढाच राहणार. ही काही लहान रक्कम नव्हे. पण मग सरळ दोनपैकी एक करावं. एक तर फी थोडी वाढवून अंतर वाढवावं, नाहीतर अंतर आठच ठेवून येणाऱ्याला आधीच सांगावं, की बाबा, नऊ वाजताची वेळ घेतलीस तर अर्धा तास जास्त धर. ज्याला परवडेल तो येईल. थांबावं लागणार हे माहीत असलं की माणूस सोबत पेपर आणतो, गप्पा मारतो. चिडतो तो फसवलं गेल्यावर.

गंमत म्हणजे हे सगळं ज्या यंत्रानं आम्हाला दटावलं, त्याच यंत्राला पक्कं ठाऊक होतं. कुठली गाडी कुठल्या टीवर किती मिनिटं उभी होती, रोजच्या रोज, सगळी नोंद त्याच्याकडे. मला जे शोधायला मनगटावरचं घड्याळ आणि अर्धा तास लागला, ते कचेरीत बटण दाबून कळलं असतं. पण पडद्याचं तोंड खेळाडूंकडे आहे. वेळापत्रक आखणाऱ्याकडे ते वळवलेलंच नाही.

म्हणून माझं मत असं. जीपीएस हवं, जरूर हवं. गाडी क्लबची, मैदान क्लबचं, तेव्हा गाडी कुठे आहे हे क्लबनं पाहण्यात मला गैर वाटत नाही. उतारावर गाडी आपोआप हळू झाली तर माझ्यासारख्याच्या हाडांचं भलंच आहे. शेजारच्या फेअरवेवर माणसं आहेत हे न पाहता मध्ये घुसणाऱ्याला अडवलं तर उत्तमच. पण जे माप खेळाडूला लावता ते स्वतःलाही लावा. गट मागे पडला तर आधी बघा की तो रेंगाळला की अडकला. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि यंत्राला तो कळू शकतो. पुढचा होल रिकामा आणि हा गट मागे, तर रेंगाळला. पुढचा होल भरलेला, तर अडकला. एवढं साधं आहे. खेळाडूंनीही आपला वाटा उचलावा हे ओघानं आलंच. २०१९ पासून नियमच आहे की हरवलेला चेंडू पाच नव्हे तर तीनच मिनिटं शोधायचा, आणि फटका चाळीस सेकंदांत मारावा अशी शिफारस आहे. ते पाळूनही जो अडकतो, त्याला तरी दटावू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऐकणारा माणूस ठेवा. इथे मला आपली वारी आठवते. ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीत लाखो माणसं चालतात. दिंड्यांना क्रमांक आहेत, कोण रथाच्या पुढे, कोण मागे, हे ठरलेलं आहे. वाहतुकीची याहून जुनी आणि याहून मोठी शिस्त मी पाहिलेली नाही. पण संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी काय होतं बघा. चोपदार दंड उंच करतो आणि सगळे टाळ गप्प होतात. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्यांच्यापाशी जातो आणि गाऱ्हाणं ऐकून घेतो. शिस्त लावणारा आणि ऐकणारा माणूस एकच, आणि गाऱ्हाणं सगळ्यांच्या कानावर जाईल अशी सोय. त्या गाडीच्या पडद्यावर जेवण मागवायचं बटण होतं, जाहिराती होत्या. पण 'माझं चुकलेलं नाही, इकडे या' असं सांगायचं बटण मला काही सापडलं नाही. व्याह्यांच्या हातात टाळ नव्हते. तो म्हातारा रेंजर फिरत फिरत तिकडे आला, हे नशीब. आणि उद्या ठिपके पडद्यावर दिसतात म्हणून पगार वाचवायला त्यालाच काढलं, तर?

ही एका श्रीमंती खेळाची किरकोळ बाब आहे असं वाटणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. केसी मार्टिन नावाचा एक व्यावसायिक गोल्फपटू. त्याच्या उजव्या पायात जन्मापासून रक्ताभिसरणाचा दोष होता, चालणं यातनेचं आणि धोक्याचं. त्यानं स्पर्धेत गाडी वापरू द्या म्हटलं. संयोजक म्हणाले, चालणं हा खेळाचाच भाग आहे. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००१ साली सात विरुद्ध दोन मतांनी निकाल त्याच्या बाजूनं लागला. अपंगांच्या हक्कांच्या १९९० च्या कायद्याखाली त्याला गाडी मिळालीच पाहिजे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर तर गाड्यांना एरवी मज्जावच आहे, पण वैद्यकीय कारण असेल तर तिथेही वाट काढतात. म्हणजे एका माणसाला गाडीत बसता यावं म्हणून देशाचं सर्वोच्च न्यायालय बसलं, आणि इथे एका संगणकातली खूण राहिली म्हणून त्याच हक्काचा माणूस चढावर धापा टाकत उभा. हक्क कागदावर मिळून भागत नाही. तो ज्या यंत्राच्या हाती आहे त्या यंत्रापर्यंत पोचावा लागतो. आपल्याकडे अंगठ्याचा ठसा उमटत नाही म्हणून रेशन दुकानातून परत फिरलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. तिथे गुडघ्याचा प्रश्न नाही, पोटाचा आहे.

असो. व्याह्यांचं काय झालं ते सांगून थांबतो. मी त्यांना म्हटलं, "सभासदत्व सोडू नका, आधी पत्र लिहा." इंग्रजी त्यांचं, मुद्दे माझे. खुणेची चूक एका परिच्छेदात आणि आठव्या होलचं गणित दुसऱ्यात, आकड्यांसकट. तीन दिवसांत फोन आला. खूण केली आहे, झाल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. गणिताबद्दल मात्र अवाक्षर नाही.

पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा गेलो. चौथ्या होलच्या चढावर व्याह्यांनी गाडी मुद्दाम हळू केली. मी पडद्याकडे बघत होतो, तेही बघत होते. गाडी गेली सरळ वरपर्यंत. ग्रीनच्या कडेला थांबवून ते खाली उतरले आणि तीन फटके वाया घालवून पाचव्यात चेंडू भोकात घातला. खूष होते.

आठव्या होलवर पस्तीस मिनिटं थांबलो. या वेळी मी घरून शेंगदाण्याचे लाडू नेले होते.